रिकाम्या मांडवातलं गाणं

नाशिक
२ मार्च २०२५

डीजेवाल्याने ‘गरगर चांदणं’ लावलं आणि ललित हातातलं ताट खुर्चीवर ठेवून उठले. मी मागोमाग गेले. मांडवाच्या मागे झेंडूचं शेत होतं. त्याच्या बांधावर उभे राहून ते फोनवर बोलत होते. गाण्याच्या आवाजामुळे त्यांना ओरडावं लागत होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“चंद्रभागा, माझा कार्यक्रम होऊ दे. मग येतो. आणि घरी फोन करू नकोस. संध्याला यातलं काही माहीत नाही.”

संध्या म्हणजे मी. त्यांची बायको.

ही कालची गोष्ट. मखमलाबादला माझ्या दिराच्या मुलाची हळद होती. ललित परत आले तेव्हा गाणं संपलं होतं. “कुठे गेला होता?” मी विचारलं. “आवाज सहन होत नाही,” ते म्हणाले. हे गाणं लागलं की ते उठतात, प्रत्येक लग्नात. दुसऱ्या गाण्यांचा आवाज त्यांना सहन होतो.

चंद्रभागाबाई, तुमचा चेहरा मी याच गाण्याच्या कॅसेटच्या कव्हरवर पाहिला आहे. डावीकडे ललित, उजवीकडे तुम्ही, मध्ये आरशांचा गोळा. तुम्ही पुढे आश्रमशाळेत गृहपाल झालात, एवढं ते एकदा बोलले होते. पत्ता शोधायला मला दोन फोन पुरले.

तुमचा माझ्या नवऱ्याशी काय संबंध आहे? एका ओळीत लिहिलंत तरी चालेल.

फोन करू नका. आमच्याकडे फोन टेबलावर पडलेला असतो, कोणीही उचलतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं मला नको, ते चार लोकांना दाखवायला वेळ लागत नाही. पत्र शेजारच्या वत्सलाबाईंच्या पत्त्यावर पाठवा. त्या वाचणार नाहीत. त्यांना दिसत नाही.

संध्या


उंबरपाडा, ता. सुरगाणा
९ मार्च

संध्याबाई,

तुम्ही एक ओळ मागितली. तुमचा नवरा मला नको आहे. ही झाली.

पण एका दिवसासाठी मला तो इथे हवा आहे. माझ्या मुलीचं, आशाचं लग्न ठरलंय. पेठकडचा मुलगा आहे, मंगळू नावाचा, चांगला आहे. ते लग्न ललितवाचून अडलंय. तो आला तर होईल, नाही आला तर मोडेल. किती फोन केले. आधी उचलायचा नाही. त्या हळदीच्या दिवशी उचलला, तर ओरडायलाच लागला.

तो का हवा आहे ते त्याला विचारा. इतकी वर्षं त्याने तुम्हाला सांगितलं नाही, ते मी पोस्टाने का कळवू? मला काय माहीत तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिता? त्यानेच लिहायला बसवलं नसेल कशावरून, मला काय हवंय ते काढून घ्यायला?

तुमचं पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलेलं होतं. इथे येईपर्यंत शितं वाळून उघडलं. पोस्टमनने वाचलं असणार. घरात डिंक मागायचीही भीती वाटते का तुम्हाला?

चंद्रभागा


नाशिक
१५ मार्च

चंद्रभागाबाई,

आशाचं वय काय?

मी विचारते आहे कारण मुलीच्या लग्नाला ज्याच्यावाचून अडतं असा माणूस एकच असतो. तो शब्द तुम्ही लिहिला नाहीत. मीही लिहीत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं ललितना विचारलं. जेवताना विचारलं, कारण ताटावरून ते सहसा उठत नाहीत.

“उंबरपाड्याला कोण आहे?”

“कोण असणार? एक वेडी म्हातारी आहे. तिची भाची आहे.”

“भाचीला मुलगी आहे?”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“अगं, असेल म्हणजे असेल! माणसांना मुली नसतात का?”

मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आवाज सहन न होणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी रविवार कारंजावर अश्विनकडे गेले. तुमच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचे ते. आता स्पीकर दुरुस्त करतात. मला बघून त्यांनी चहा मागवला. मी सरळ विचारलं, ललित आणि चंद्रभागा यांच्यात काय होतं?

“वहिनी, काय होतं म्हणजे? लग्न लागलं होतं त्यांचं!” ते म्हणाले आणि हसायला लागले. “स्टुडिओत. माझ्यासमोर. तांदूळ मीच आणले ना शेजारच्या खानावळीतून. वऱ्हाडी म्हणून मला आहेरही नाही मिळाला.”

दुकानातला दुसरा माणूसही हसला. मी चहा घेतला नाही. हसत सांगितलेली गोष्ट खोटी असतेच असं नाही.

आणखी एक. गाण्याला पुन्हा दिवस आलेत. मुलं त्यावर नाचून रील टाकतात. ज्यांच्या आयांचाही तेव्हा जन्म नव्हता अशा मुली हळदीत ते गाणं मागून घेतात. १२ एप्रिलला डोंगरे मैदानावर मोठा कार्यक्रम आहे. ललित स्वतः ते गाणं म्हणणार आहेत, अडुसष्टाव्या वर्षी. तुम्ही नेमकी हीच वेळ का निवडलीत? चाळीस वर्षं तुम्हाला ललितची गरज पडली नाही, आता पडली. कार्यक्रमात तुम्हाला ललितच्या शेजारी उभं राहायचं आहे का? की नाव हवं आहे, की हक्क?

माझ्या लग्नात बँडने हेच गाणं वाजवलं. पंच्याऐंशी साली. पंचवटीत, ललित घोड्यावर असताना. तुम्ही तेव्हा कुठे होता?

संध्या


उंबरपाडा
२३ मार्च

संध्याबाई,

आशा सव्वीस वर्षांची आहे. तिच्या बापाचं नाव पुंजाराम. तो आत्ता अंगणात बसून नाचणी पाखडतोय. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “या बाईला बिचारीला झोप लागत नसेल.” मला राग आला होता. त्याच्या त्या बोलण्याने कमी झाला, म्हणून सगळं लिहिते.

ब्याऐंशी साल. मी नाशिकला होस्टेलवर राहून डी.एड. करत होते आणि ऑर्केस्ट्रात गात होते. गाणं तयार होतं. ठेका होता, अश्विनचे ते गिरक्या घेणारे सूर होते, पण संगीतकार म्हणायचे, याला पोट नाही. नुसता झगमगाट आहे. मग मी एकदा सरावाच्या मधल्या वेळात आमच्याकडची लग्नातली चाल गुणगुणले. ते उठून उभे राहिले. म्हणाले, हे गाणारी बाई मला आणून दे.

ती बाई म्हणजे माझी मावशी, सखुबाई. ती धवळेरी आहे. तुमच्यात भटजी लग्न लावतो, आमच्या पाड्यात धवळेरी लावते, गाऊन लावते. तिचं गाणं पूर्ण झालं की लग्न झालं. दुसरं काही लागत नाही.

जीपने तिला सातपूरला आणली. एका गोदामात भिंतींना गाद्या लावल्या होत्या, तोच स्टुडिओ. मावशीने सगळीकडे बघितलं आणि विचारलं, “नवरानवरी कुठं हायेत?”

संगीतकार म्हणाले, “आजी, नवरानवरी नाहीत. नुसतं गायचं.” तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती, तरी आजी.

“रिकाम्या मांडवात मी नाय गात.”

तास गेला. गोदाम भाड्याचं होतं, सगळे वैतागले. मग संगीतकारांनीच डोकं चालवलं. “हे काय, हे दोघं आहेत की! ललित, चंद्रभागा, या इकडे, उभे राहा.” मावशीने मला विचारलं, “हाच का?” मी हो म्हटलं. मला वाटलं, गाण्यापुरतं आहे. वीस वर्षांची होते. ललित हसत होता. मावशीने तांदूळ मागितले, अश्विन धावत जाऊन घेऊन आला. आम्हाला एकमेकांच्या हातावर हात ठेवायला लावले आणि ती गायली. एकदाच गायली. तेच टेपवर आहे.

तुम्ही ते गाणं नीट ऐकलं असेल तर तुम्हाला माहीत असेल. मध्ये सगळी वाद्यं थांबतात. ठेकाही थांबतो. नुसता तिचा आवाज उरतो. मग ड्रम येतो आणि माणसं उडी मारतात. लोक त्या थांबण्यासाठी नाचतात असं मला वाटतं. बाकी गाणं तेव्हाच्या शंभर गाण्यांसारखं आहे. ते शंभर गेले, हे राहिलं.

आम्ही घरी परत निघालो तेव्हा मावशी जीपमध्ये म्हणाली, “नवरा मागच्या गाडीनं येतो का?”

मी हसले. ती हसली नाही.

तेव्हापासून ती म्हणते, गाठ बांधली आहे. मी म्हटलं, खेळ होता. ती म्हणाली, “तुमचा असंल. मी खेळ नाय गायले.” पाड्यात काही लोक हसले, पण धवळेरीच्या शब्दावरून कोणी पुढे गेलं नाही. एकीने बांधलेली गाठ दुसरी सोडत नाही. वर ते गाणं इकडेही आलं. लग्नाच्या मांडवात ही गायला बसली की पोरं स्पीकरवर तेच लावायची. ही हात वर करून थांबायची. म्हणायची, “मी इथं बसलेय, अन् तिकडं बी मीच गातेय. हे कोणाचं लगीन लागतंय?” ज्या ज्या मांडवात ते वाजतं तिथे आमची गाठ पुन्हा घट्ट होते, असं तिचं म्हणणं.

मी पुंजारामबरोबर राहायला लागले त्याला तीस वर्षं झाली. आमच्याकडे असं राहतात. घर करतात, मुलं होतात, लग्न सवडीने होतं. पण मुलांच्या लग्नाआधी आईबापांचं उरकावं लागतं. आता मंगळूच्या घरचे म्हणतात, आधी तुमचं उरका, मग पोरीचं. त्यांचं चुकलेलं नाही. २० एप्रिल धरली आहे. त्याच्या आधी माझं झालं नाही तर ते दुसरीकडे बघतील. आशा मला काही बोलत नाही. नुसती कामं करते. दिवसभर करते.

मावशी म्हणते, आधी काडी मोड. एक टोक तुझ्या हातात, एक त्याच्या. मग तुझं पुंजारामशी लावते.

ललित दोनदा आला होता. एकदा तुमच्या लग्नाच्या आधी, एकदा तीन वर्षांपूर्वी. दोन्ही वेळा काडी हातात घेतली आणि ठेवली. का, ते त्याने तुम्हाला सांगितलं तर बघा. मावशी आता अंथरुणाला लागली आहे. ती गेली तर ही गाठ कायमची.

पंच्याऐंशी साली मी सुरगाण्याला वसतिगृहात मुलींना जेवण वाढत होते.

चंद्रभागा


नाशिक
३० मार्च, पाडवा

चंद्रभागाबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खोटं वाटत नाही. पण खोटं वाटत नाही असं बोलण्यात ललितही वाकबगार आहेत, म्हणून मी थांबले.

आज गुढी उभारताना त्यांना म्हटलं, “काडी का मोडली नाहीत?”

त्यांचा हात काठीवर होता. तो तिथेच राहिला. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणीही. दोनदा गेलात. दोनदा ठेवलीत. का?”

“संध्या, ती अंधश्रद्धा आहे. मी शिकलेला माणूस. मी जाऊन काडी मोडली म्हणजे मी ते मानलं असं होतं.”

“मानत नाही तर मोडायला काय हरकत आहे? काडीच आहे.”

मी काठी धरून ठेवली. मग त्यांनी सांगितलं. म्हातारीची अट आहे म्हणे. मोडलेल्या लग्नाचं गाणं नवऱ्याच्या तोंडी राहत नाही. काडी मोडली की त्यांनी ते गाणं पुन्हा म्हणायचं नाही.

“आणि मी दुसरं काय केलंय गं आयुष्यात?” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं कंपनीत नटबोल्ट मोजले. लोकांना कळतं तरी का, हळदीत ज्या आवाजावर नाचतात तो माणूस तिथेच बसून जिलबी खातोय? आता कळेल. बाराला कळेल. मग जातो.”

“आणि लग्नांतून उठून का जाता?”

“तो मधला तुकडा लागतो ना. मला वाटतं, म्हातारी बघतेय.”

बघा. मानत नाही, पण ती बघते.

मी रागावले नाही याचं मला आश्चर्य वाटलं. संशय घ्यायला मला एक बाई सापडली होती. आता तीही राहिली नाही. एका गाण्यासाठी माझ्यापासून चाळीस वर्षं हे लपवलं, यावर कोणाशी भांडायचं?

पण तुम्हालाही विचारते. मावशीची अट तुम्हाला माहीत होती. पत्रात ती तुम्ही लिहिली नाहीत. का? मी ललितना तिकडे ढकलावं आणि गाणं जातंय हे मला नंतर कळावं, असा हिशेब होता का?

संध्या


उंबरपाडा
५ एप्रिल

संध्याबाई,

होता. तसाच हिशेब होता.

आता मी विचारते. मंगळूच्या भावाने मोबाइलवर कार्यक्रमाचं पोस्टर दाखवलं. खाली लिहिलंय, ‘सहकुटुंब उपस्थिती’. तुमचा दोघांचा फोटो आहे. तुम्ही छान पैठणी नेसला आहात. मग पत्रं लिहून माझे दिवस कोण घालवतंय? बारापर्यंत मला बोलण्यात गुंतवायचं, कार्यक्रम उरकायचा आणि मग म्हणायचं, अरेरे, उशीर झाला. तुम्ही दोघं मिळून हे करताय असं मला वाटतं. पुंजाराम म्हणतो नाही. त्याला सगळी माणसं चांगली वाटतात.

मावशी परवापासून पेजच घेते. बोलते स्वच्छ. काल मला म्हणाली, “तुझा नवरा मागच्या गाडीनं येतो म्हणालेला, कुठली गाडी ती?”

कार्यक्रमानंतर आला तर तिला गाठेल असं मला वाटत नाही.

चंद्रभागा


नाशिक
८ एप्रिल

चंद्रभागाबाई,

तो फोटो भाच्याच्या साखरपुड्यातला आहे. मला न विचारता छापला.

ललित येणार नाहीत. काल शेवटचं विचारलं. त्यांनी गळा मोकळा राहावा म्हणून ज्येष्ठमध तोंडात ठेवलं होतं. मानेनेच नाही म्हणाले.

मी येते. शनिवारी, बारालाच. ललित सकाळीच तालमीला मैदानावर जातील, मग संध्याकाळी कार्यक्रम. दिवसभर मला कोणी शोधणार नाही. चैत्रोत्सवामुळे वणीपर्यंत गाडीला गर्दी असेल, उशीर झाला तर थांबा.

मी येऊन काय होणार, मला माहीत नाही. मला मावशींना बघायचं आहे. आणि खरं सांगायचं तर आशाला.

संध्या


उंबरपाडा
१५ एप्रिल

संध्याताई,

तुम्ही इथे होता, पण आमची बोली तुम्हाला कळत नव्हती. म्हणून शनिवारचं पुन्हा लिहिते.

तुम्ही आल्यापासून आशाकडे बघत होता. ती पाणी घेऊन आली, तुम्ही तिच्या कपाळाकडे बघितलं. चहा घेऊन आली, कानाकडे. मग पुंजाराम शेतातून आला, दारात वाकून चपला काढल्या, आणि त्याच वेळी आशा तशीच वाकून चूल फुंकत होती. तुम्ही दोघांकडे बघितलंत आणि मग चहा प्यायलात. गार झाला होता.

मावशीला मी सांगितलं, ललितच्या घरून बाई आली आहे. ती म्हणाली, “बाईला काय करू? नवरा आण.”

तेव्हा मी जे बोलले ते चाळीस वर्षं मला सुचलं नव्हतं. तुम्हाला तिथे बसलेलं बघून सुचलं. मी म्हटलं, “मावशे, तू त्या दिवशी विचारलंस का, हा खरा नवरा हाय का म्हणून? उभा होता म्हणून बांधलीस. त्याच्या जागी अश्विन उभा असता तर अश्विनशी बांधली असतीस. आज ही उभी हाय. हिच्या हातून सोड.”

मला वाटलं, आता हाकलते. मग तिने पुंजारामला छपराची काडी काढायला सांगितली.

नंतर ती तुमच्याशी बोलली. बरंच बोलली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मी म्हटलं, “मोडा म्हणते.”

तेवढंच ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली, “हिला सांग. ही त्या घरची बाई हाय. हिच्या हातानं मोडली तर त्याच्या अंगावरच्या दोन्ही गाठी सुटतात. मी बांधलेली अन् हिची पण. भटानं बांधली असली तरी सुटते. हिला विचार, चालंल का.”

मी विचारलं नाही. आशा दाराला टेकून उभी होती. तिच्या हातात ओला फडका होता, तो तिने एवढा पिळला होता की खाली डबकं झालं होतं. मी म्हटलं, मोडा. तुम्ही एक टोक धरलंत, मी एक. मोडली.

चारची गाडी धरायला तुम्ही निघालात. तुम्हाला थांबा म्हणायचं मला धाडस झालं नाही. त्यानंतर मावशीला आम्ही उठवून बसवलं. तिने माझं आणि पुंजारामचं लग्न लावलं. आवाज इतका बारीक होता की तिच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. पुंजाराम रडला. मी म्हटलं, तीस वर्षांनी कशाला रडतोस? तर म्हणाला, “मला वाटायचं, तू कधीतरी त्या गाडीनं जाशील.” इतकी वर्षं हे त्याच्या मनात होतं. आणि मी समजत होते, त्याला सगळी माणसं चांगली वाटतात.

मंगळूच्या घरी निरोप गेला. वीस तारीख पक्की आहे.

तुम्ही शहरातल्या, हे मानणार नाही, मला माहीत आहे. काडीच ती. पण मी तुमच्यापासून लपवलं, आणि ते माझ्याच्याने ठेववत नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

चंद्रभागा


नाशिक
२१ एप्रिल

चंद्रभागाबाई,

काल आशाचं लग्न झालं असेल. तिला माझा आशीर्वाद सांगा.

मला कळलं होतं. मावशींनी आधी तुमच्या मनगटाकडे बोट केलं आणि मग माझ्या मंगळसूत्राकडे. त्याला बोली लागत नाही. एवढं मोठं त्यांचं बोलणं तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत आणि माझ्याकडे न बघता सांगितलंत. कोणी असं दोन शब्दांत उत्तर दिलं की मागे काय असतं, हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी तिथे तुम्हाला थांबवू शकले असते. मी आशाकडे बघितलं आणि टोक धरलं. तेव्हा तुम्ही मला फसवलं असं मनात ठेवू नका.

मी हे मानते की नाही, ते विचारू नका. गाडीत वणीपर्यंत उभी होते. गडावरून उतरलेली माणसं होती, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू. एका बाईने मला बसायला जागा दिली आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मी उलट तिलाच विचारलं, तुमच्या घरी कोण?

घरी पोचले तेव्हा ललित आलेले नव्हते. मी जेवले आणि झोपले. मला झोप लागली. पुंजारामना सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललित माझ्या आधी उठले होते. आवाज बसला होता. त्यांनी चहा केला, मला कप दिला आणि म्हणाले, “पुढच्या रांगेत दिसली नाहीस.”

“मागे होते,” मी म्हटलं. “बायकांत बसले होते.”

“मधला तुकडा लागला तेव्हा अख्खं मैदान गप्प झालं. ऐकलंस?”

“ऐकलं.”

त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. मी चहा प्यायले.

संध्या